गाडीचे पाचवे चाक
(नभोवाणीवरील भाषण)



युरोपातील कित्येक भाषांत एक जुनी म्हण आहे. ज्या माणसाचा कोणास उपयोग नाही, जो असला काय आणि नसला काय सारखेच, त्याला तिकडे ‘गाडीचे पाचवे चाक’ म्हणतात. गाडी चार चाकांवर चालते. मग पाचवे हवे कशाला, असा त्या म्हणीतील सरळ हिशेब. जर्मन लोकांत ही म्हण कित्येक शतके चालत आलेली आहे आणि इंग्रजीतही ती रूढ आहे. उभा जन्म शाळेत मुलांस शिकविण्यात घालवून निवृत्त झालेल्या माझ्यासारख्या मास्तराच्या कानावर ही म्हण पडली, म्हणजे ती थोडी टोचते, हे मी लपवीत नाही. सकाळी दहाचा ठोका पडला तरी ज्याला कोठे जावयाचे नाही, त्याला घरातील इतर चाके आपापल्या ओघात धावताना पाहून स्वतःविषयी असाच संशय येऊ लागतो.

परंतु आज मी आपणापुढे आलो आहे तो गाऱ्हाणे मांडण्याकरिता नव्हे. गाड्या बांधणाऱ्यांच्या धंद्यात ‘पाचवे चाक’ या नावाची एक वस्तू खरोखरीच आहे. अमेरिकेतील हमरस्त्यांवर मालाचे अजस्र ट्रेलर ओढले जातात ते तिच्या आधारावर. आणि तेथील गृहस्थ आपल्या लहानशा उघड्या ट्रकला, ज्याला तिकडे ‘पिकअप’ म्हणतात, सबंध घर जोडून प्रवासास निघतो तोही तिच्याच भरवशावर. या वस्तूचा इतिहास त्या म्हणीच्या अगदी उलट आहे. तो आज थोडक्यात सांगावा, असा माझा विचार आहे.

प्रथम हे नाव कोठून आले ते पाहू. आपली बैलगाडी घ्या. दोन चाके, एक आस, त्यावर साटा आणि पुढे जू. बैल डावीकडे वळले की सबंध गाडी त्यांच्याबरोबर वळते. तिला वळविण्याकरिता निराळी युक्ती लागत नाही. टांग्याचेही तसेच. प्रश्न उद्भवतो तो चारचाकी गाडीत. पुढचा आस आणि मागचा आस असे दोन्ही तळाशी पक्के बसविले, तर गाडी सरळ जाईल. पण वळेल कशी? आपल्याकडील देवांचे मोठे रथ आठवा. दोर ओढावयास शेकडो हात असतात. तरी वळण आले की चाकांखाली लाकडी ठोकळे सारून रथाचे तोंड मोठ्या प्रयासाने फिरवावे लागते. वर्षातून एकदा निघणाऱ्या रथास हे चालते. रोज बाजारास जाणाऱ्या गाडीस ते चालणार नाही.

यावर उपाय म्हणून पुढचा आस एका उभ्या खिळीवर फिरता ठेवण्याची रीत निघाली, आणि युरोपात मध्ययुगाच्या उत्तरार्धात ती हळूहळू रूढ होत गेली. परंतु केवळ एका खिळीवर गाडीचा पुढचा सगळा भार तोलला, म्हणजे वळताना गाडी डुलू लागते, खीळ झिजते आणि एखादे दिवशी मोडतेही. तेव्हा लोहारांनी लोखंडाची दोन वर्तुळाकार कडी घडविली. एक कडे आसावर आडवे बसविले, दुसरे गाडीच्या तळाशी, आणि मध्ये भरपूर वंगण घातले. वरचे कडे खालच्या कड्यावर सरकू लागले, भार खिळीवरून निघून सबंध वर्तुळावर पसरला, आणि गाडी न डुलता वळू लागली. जमिनीला समांतर निजलेले हे वर्तुळ दिसावयास चाकासारखे. उभी चाके चार, म्हणून हे पाचवे. जमिनीला न टेकणारे आणि कोसभरही न धावणारे, परंतु चारही चाकांनी कोणत्या दिशेस धावावयाचे ते ज्याच्यामुळे ठरते, असे हे चाक!

मुंबईत ज्यांनी व्हिक्टोरिया पाहिली आहे, त्यांनी हे पाचवे चाकही पाहिले आहे. मात्र त्याकडे लक्ष गेले नसेल. २०१५ साली मुंबई उच्च न्यायालयाने त्या गाड्या बेकायदेशीर ठरविल्या. त्यापूर्वी गेटवेपाशी त्या रांगेने उभ्या असत. त्यांची पुढची चाके मागच्या चाकांहून लहान का असत, असा प्रश्न माझ्या वर्गातील एका मुलाने सहलीच्या वेळी मला विचारला होता, आणि मला त्याचे उत्तर देता आले नव्हते. उत्तर सोपे आहे. पुढचा आस फिरला म्हणजे चाके गाडीच्या तळाखाली शिरली पाहिजेत. मोठी असली तर ती अंगाला घासतील. ते उत्तर त्या मुलास वेळेवर मिळाले नाही. आज तो ऐकत असेल तर त्याने ते स्वीकारावे.

पुढे १८१८ साली एक नवी युक्ती प्रसिद्ध झाली. म्युनिक येथील गाड्या बांधणारा लांकेनस्पेर्गर याने असे सुचविले की, सबंध आस फिरविण्याऐवजी तो स्थिर ठेवावा आणि त्याच्या दोन टोकांस प्रत्येक चाक आपल्यापुरते वळू द्यावे. या युक्तीचे पेटंट लंडन येथे त्याचा मुखत्यार रूडॉल्फ आकरमान याने घेतले आणि जगाने ती आकरमानच्याच नावाने ओळखली. इतिहास शिकविताना मी मुलांना नेहमी सांगत असे की, कागदावरील नाव आणि वस्तू घडविणारा हात हे एकच असतात असे नाही. त्याचे हे चांगले उदाहरण होय. मोटारी निघाल्या तेव्हा त्यांनी हीच रीत उचलली. मोटारीला पाचव्या चाकाची गरज उरली नाही. घोडागाड्यांचे दिवस भरले, तसे पाचवे चाकही निवृत्त होणार, असेच कोणासही वाटले असते.

पण तसे झाले नाही. त्याचे कारण पाहा. प्रारंभीच्या मोटारींची अडचण अशी की, त्यांची ओढण्याची शक्ती त्यांच्या पाठीच्या शक्तीहून अधिक होती. पाठीवर मण दोन मण ओझे अधिक झाले की चौकट वाके, कमाना मोडत आणि मागचा आस तुटे. मात्र तेच ओझे चाकांवर ठेवून मागे बांधले, तर मोटार ते ओढून नेई. अर्थात, ओझे वाहण्याचे काम वाटून द्यावे, हा विचार अनेकांस एकाच सुमारास सुचला. ओहायो संस्थानातील क्लीव्हलँड शहरी अलेक्झांडर विंटन याने १८९८–९९ च्या सुमारास आपल्या कारखान्यातील मोटारी गिऱ्हाइकाकडे पोचविण्याकरिता अशी जोडगाडी केली होती. मॅसॅच्युसेट्समधील स्प्रिंगफील्ड येथे नॉक्स कंपनीने चार्ल्स मार्टिन याच्या कल्पनेप्रमाणे १९०९ च्या सुमारास तीन चाकांचा ओढणारा ट्रॅक्टर काढला.

मार्टिनच्या कामाचा पहिला मोठा उपयोग आगीच्या बंबांना झाला, हे ध्यानात घेण्याजोगे आहे. त्या काळी अमेरिकेतील शहरांजवळ वाफेवर चालणारे मौल्यवान बंब होते. ते घोडे ओढीत. बंब चांगले होते. मागे पडले होते ते घोडे. तेव्हा बंब टाकून न देता त्याचा पुढचा भाग मोटार ट्रॅक्टरच्या पाठीवर टेकवावा आणि मध्ये पाचवे चाक घालावे, असा तोडगा निघाला. जुन्या घोडागाडीतील कडे येथे नव्या रूपाने परत आले. मार्टिनच्या पाचव्या चाकात आणखी एक गुण होता: ते नुसते फिरत नसे, तर पुढेमागे झुलतही असे. त्यामुळे रस्ता उंचसखल असला, तरी ओढणारी गाडी आणि ओढली जाणारी गाडी यांची एकमेकींत ओढाताण होत नसे.

याच सुमाराची दुसरी हकीकत डेट्रॉइट शहरातील आहे. तेथे ऑगस्ट फ्रूहॉफ नावाचा लोहार घोड्यांना नाल ठोकणे आणि गाड्या बांधणे हा धंदा करीत असे. १९१४ साली सिब्ली नावाचा इमारती लाकडाचा व्यापारी त्याच्याकडे आला आणि आपली होडी तळ्यावर नेण्याकरिता फोर्ड मोटारीस जोडता येईल अशी काही गाडी करून दे, असे म्हणाला. फ्रूहॉफने दोन चाकांची गाडी बांधली. तिची मागची बाजू स्वतःच्या चाकांवर आणि पुढची बाजू मोटारीच्या मागच्या भागावर टेकलेली. तिला त्याने अर्धा ट्रेलर, म्हणजे ‘सेमी-ट्रेलर’ असे नाव दिले. होडी सुखरूप पोचली. तेव्हा व्यापाऱ्याच्या मनात आले की, होडी जाते तर लाकूड का जाणार नाही? १९१८ साली फ्रूहॉफची कंपनी स्थापन झाली आणि पुढे ती अमेरिकेतील मोठ्या ट्रेलर-कारखान्यांपैकी एक झाली.

या जोडणीने मालवाहतुकीचा हिशेबच बदलला. पूर्वी माल भरेपर्यंत आणि उतरेपर्यंत मोटार उभी राही, ड्रायव्हर बिड्या ओढीत बसे. आता एका ट्रॅक्टरला तीन ट्रेलर पुरू लागले: एक भरला जात आहे, एक रिकामा होत आहे आणि एक रस्त्यावर आहे. महाग इंजिन क्षणभरही रिकामे नाही. इंग्लंडमधील रेल्वे कंपन्यांनी १९३० नंतर स्टेशनावरील माल गावात पोचविण्यास स्कॅमेल कंपनीची तीन चाकांची छोटी ओढगाडी घेतली, तिचे नावच मुळी ‘यांत्रिक घोडा’ असे होते. याच विचाराचे पुढचे पाऊल माल्कम मॅक्लीन या अमेरिकन ट्रक-मालकाने टाकले. ट्रेलरपासून ट्रॅक्टर सुटतो, तर चाकांपासून पेटी का सुटू नये? २६ एप्रिल १९५६ रोजी त्याचे ‘आयडियल एक्स’ हे जहाज ५८ पेट्या घेऊन न्यूअर्कहून ह्यूस्टनला निघाले. १९८९ साली आपल्या न्हावा-शेवा येथे जे बंदर सुरू झाले, ते या पेट्यांवरच वाढले. उरणच्या रस्त्याने पेट्या वाहणाऱ्या ट्रेलरांची जी रांग लागते, तिच्यातील प्रत्येक गाडीच्या सांध्यात डेट्रॉइटच्या लोहाराची आणि स्प्रिंगफील्डच्या कारागिराची विद्या दडलेली आहे.

आता घराकडे वळू. मालाकरिता निघालेली ही जोडणी माणसाच्या बिऱ्हाडास प्रथम उत्तम रीतीने लावली ती एका वैमानिकाने. ग्लेन कर्टिस हा १८७८ साली न्यूयॉर्क संस्थानातील हॅमंड्सपोर्ट गावी जन्मला. आधी सायकली, मग मोटारसायकली, मग विमाने अशी त्याची चढती कमान. ४ जुलै १९०८ रोजी त्याने ‘जून बग’ हे विमान उडविले आणि पुढल्याच वर्षी फ्रान्समधील रॅन्स येथे वेगाची शर्यत जिंकली. अशा या माणसाने १९२८ साली फ्लॉरिडात ‘एअरोकार’ नावाचे चालते घर काढले. विमानाच्या सांगाड्याप्रमाणे तारांनी ताणून बांधलेली हलकी चौकट, आणि जोडणी अशी की, ओढणाऱ्या मोटारीच्या मागच्या भागात विमानाचा एक हवा भरलेला टायर आडवा निजवावयाचा आणि घराची खीळ त्याच्या मधोमध उतरवावयाची. खड्डा आला की धक्का टायरच्या हवेत जिरे. पाचवे चाक हे नाव आजवर केवळ दिसण्यावरून पडलेले होते. कर्टिसने त्या जागी खरेच चाक ठेवले! तो १९३० साली वारला. पिकअप ट्रक मात्र त्याच्याही आधी बाजारात आला होता. फोर्ड कंपनीने १९२५ साली कारखान्यातच तयार केलेला आपला पहिला पिकअप काढला. तरी पिकअपच्या उघड्या हौद्यात पोलादी पाचवे चाक बसवून त्यावर मोठे घर टेकविण्याची रीत सर्वत्र पसरली ती १९६० नंतरच्या काळात, ट्रक बळकट झाल्यावर.

येथे कोणी विचारील की, घर मागच्या बाजूस साध्या गोळ्याला बांधून का ओढू नये? लहान घर तसे ओढतातही. पण फरक समजण्यास एक प्रयोग करा. पाण्याने भरलेली बादली अंगालगत धरून चाला. मग तीच हात लांब करून धरून चाला. पाणी तेवढेच, बादली तीच. पण दुसऱ्या वेळी ती तुम्हांस हवी तिकडे झुकविते. गोळा ट्रकच्या शेपटाला, मागच्या आसाच्या चार-पाच फूट मागे असतो. वारा आला किंवा बाजूने मोठी गाडी गेली की घर शेपटास हिसका देते, आणि त्या लांब दांड्याच्या टोकाशी लहान हिसकाही मोठा होतो. पाचवे चाक मागच्या आसाच्या बरोबर वर अथवा किंचित पुढे असते. तेथे हिसक्याला दांडाच मिळत नाही. घराच्या वजनाचा शेकडा १५ ते २५ इतका भाग ट्रकच्या पाठीवर येतो. म्हणजे १०,००० पौंडांचे घर असेल, तर दीड ते अडीच हजार पौंड. पण तो भार ट्रकच्या मागच्या चाकांच्या डोक्यावर पडतो, शेपटावर नाही.

दोन वर्षांपूर्वी मी टेक्सास संस्थानात माझ्या पुतण्याकडे गेलो होतो. त्याच्याजवळ असे घर आहे. आधीच्या वर्षी त्याच्यावर एक प्रसंग गुदरला होता, तो त्याने मला सांगितला. संध्याकाळची वेळ, पावसाची भुरभुर, मुले भुकेली, आणि शेजारच्या गृहस्थाशी बोलत बोलत त्याने घर ट्रकला जोडले. घर बोटभर अधिक उंच राहिले होते. खीळ जबड्यात शिरण्याऐवजी जबड्याच्या वर जाऊन बसली. कडी लागल्यासारखी दिसली. त्याने घराचे पुढचे पाय वर उचलले आणि ट्रक पुढे घेतला. ट्रक गेला, घर तेथेच राहिले आणि क्षणात दाणकन ट्रकच्या हौद्याच्या दोन्ही काठांवर बसले. कोणास इजा झाली नाही, ही ईश्वराची कृपा. “काका, ओढून पाहायचं राहिलं हो,” एवढेच तो म्हणाला.

तेव्हापासून त्याने एक यादी लिहून ठेवली आहे. मी तेथे असताना ती मोठ्याने वाचण्याचे काम त्याने माझ्यावर सोपविले. मी खुर्ची टाकून बसलो, आणि हजेरी घेतल्यासारखा एकेक कलम वाचू लागलो. त्याने ते करावे आणि ‘झालं’ म्हणावे. घराच्या चाकांना पुढून-मागून उटी लावली? झालं. हौद्याचे मागचे फळके पाडले? झालं. जबडा उघडा आहे? घराची उंची अशी आहे ना, की त्याचा तळवा पाचव्या चाकाच्या तव्याला किंचित खालून भिडून वर चढेल? झालं. मग ट्रक सावकाश मागे, ‘खट्’ असा आवाज, जबडा मिटला, कडीत अडसर घातला. आता बॅटरी घेऊन वाक आणि पाहा: तवा आणि तळवा यांत फट दिसते काय? जबडा खिळीच्या मानेभोवती मिटला आहे काय? मग दिव्यांची तार आणि घर सुटल्यास त्याचे ब्रेक आपोआप लावणारी दोरी जोडून घे, फळके वर कर. आणि शेवटी ते राहून गेलेले कलम: उटी तशीच ठेवून, घराचे पाय जमिनीपासून जेमतेम इंचभर उचलून, घराचे ब्रेक दाबून धरून ट्रक हलकेच पुढे ओढून पाहा. जोड खोटी असेल तर घर इंचभरच पडेल, हौद्यावर आदळणार नाही. खरी असेल तर ट्रक जागीच थबकेल. एवढे झाल्यावर मग पाय पुरते वर घ्यावयाचे आणि सर्वांत शेवटी उटी काढावयाची.

ती खीळ मी हात लावून पाहिली. जाडी दोन इंच. माझ्या अंगठ्याहून दुपटीने थोडी अधिक. अमेरिकेत ट्रेलर बांधणारे कारखाने पुष्कळ, पाचवी चाके बनविणारेही पुष्कळ. पण खिळीचे माप ठरलेले, म्हणून कोणाचाही ट्रेलर कोणाच्याही चाकावर बसतो. तव्याला मागून जी खाच असते, तिच्यामुळे तो घोड्याच्या नालासारखा दिसतो. नाल ठोकणाऱ्या लोहाराच्या हातून वाढलेल्या धंद्याला हा आकार शोभतो, असे माझ्या मनात आले.

या सर्व इतिहासातून मला एक गोष्ट दिसते, ती सांगून पुरे करतो. इंजिन कोणी केले, विमान कोणी उडविले, हे आपण मुलांकडून पाठ करून घेतो. दोन वस्तू एकमेकींस जोडल्या कोणी, हे विचारीत नाही. आणि मोडते ते बहुधा सांध्यातच. माझ्या पुतण्याचा ट्रक उत्तम होता, घर उत्तम होते. चुकले ते दोहोंमधील हातभर जागेत, आणि तेही घाईमुळे. पाचवे चाक स्वतः कोठे जात नाही. पण जाणाऱ्याचा भार ते अंगावर घेते, त्याला वळू देते आणि धरून ठेवते. जुन्या गाडीतून निवृत्त झाल्यावर त्याला नवे काम मिळाले ते सांध्याचे, आणि ते पहिल्याहून मोठे निघाले.

निघण्याच्या दिवशी पुतण्याने ती यादी मला भेट म्हणून देऊ केली. मी म्हटले, “राहू दे तुझ्याजवळच. मात्र मी नसताना कोणाला तरी वाचावयास लाव; एकट्याने मनात वाचू नकोस.” आता त्याची धाकटी मुलगी वाचते. तिचे मराठी वाचन अडखळत होते, म्हणून त्याने यादी मराठीत लिहून घेतली आहे, असे परवाच त्याचे पत्र आले.